बांधीतली अर्थिंग

१२ ऑक्टो. ०८, कुडवा
पोळ्याला ही वही घेतली. रोज उद्या लिहू, उद्या लिहू. आज लाइट गेली, गाडीत पेट्रोल नाही, म्हणून बसलो एकदाचा.
ता. २० ला नागपूरला वायरमनच्या परवान्याची परीक्षा. काम करून दाखवायचं, मग तोंडी. मंडया म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रा; त्यांचे भोंगे, पाळणे, नाटकांचे स्टेज, किती वर्षं मीच उजळतोय. साहेब नवं काय विचारणार?
आजवर मंडईच्या तात्पुरत्या मीटरच्या कागदावर सही मुर्रीच्या शालिककाकांची. काम त्यांनीच शिकवलं. परवाना त्यांचा, खांबावर मी. जागेवर येतच नाहीत. टपरीवर चहा, तिथंच सही. "तुह्या हातचं काम बे, मले पाहाची गरज नाही." यंदा मामाच्या गावची मंडई माझ्या सहीनं लागणार. मामाला सांगून टाकलंय, मामानं गावाला.

१७ ऑक्टो.
पुस्तक घेऊन बसलो होतो. रस्त्यानं एकजण सायकलच्या हँडलला कोंबडा बांधून चाललेला. झुंजीचा. गेलो मागेमागे, पार आमगावच्या पुढे. कोंबडा हरला. पुस्तक पिशवीतच. चालतं, काम येतं आपल्याला.

२० ऑक्टो., नागपूर स्टेशन, गाडी लेट
बाकीचे तारा सोलत होते तेव्हा माझा बल्ब पेटलेला. तोंडीला मॅडम होत्या. अर्थिंग कशी करता? म्हटलं, सोपं आहे. आमच्याकडे मंडईत नाटकाचं मैदान म्हणजे धानाची बांधी, भाताचं खाचर. चिखलात सळई ठोकायची, भसकन जाते.
"मंडई कधी असते?"
"दिवाळीनंतर, धान कापल्यावर."
"मग चिखल कुठून?"
मी हसलो. मग हसू थांबलं. जमीन नरम असते म्हणून सळई आम्ही दसऱ्यालाच ठोकून ठेवतो. कापणीच्या आधी बांधीतलं पाणी सोडतात. मंडईला तिथं भेगा. तिकडे सगळेच असं करतात, आणि सगळे शहाणे! मागच्या वर्षी नटीला माइकचा झटका बसला, ती किंचाळली, पब्लिकनं टाळ्या मारल्या. मीही.
निकाल पोस्टानं, पत्ता मामाचा दिलाय. पास होईन. होईनच.

२३ ऑक्टो.
टपरीवर काकांना म्हटलं, निकाल वेळेत नाही आला तर यंदाही सही तुमचीच. पण या, अर्थिंग मोजा, मग करा.
"काऊन? त्या नागपूरच्या बाईनं शिकवलं काय तुले?"
"सळई कोरडी राहते काका."
"एवढे साल झाले, कोनी मेला काय?"
"मरायची वाट पाहून राहिलो काय आपण?"
अर्धा चहा टाकून उठले. जयभीमसुद्धा नाही. टपरीवाला म्हणे, "गुरू से पंगा, क्या भाई." पंगा नाही. पण न पाहता केलेली सही मला नको, म्हणजे नको.

३ नोव्हें., मामाच्या गावी
पोस्टमनकडे काही नाही. मंडई ६ ला. मामा म्हणतो, "आकडा टाक ना बे. कोन पाहून राहिला?" मी पाहून राहिलो, म्हटलं. आख्ख्या गावाची पोरंबाळं त्या मैदानात बसतात.
जुनी सळई ओढली तर मुळ्यासारखी हातात आली. बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या काठाशी, ओल लागेस्तोवर खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी. मामी म्हणे, "लोणचं घालून राहिला काय?"

५ नोव्हें.
वायरी ओढून झाल्या. असं काम मी आधी केलेलं नाही, खरंच. कागदावर सहीची जागा कोरी. उद्या सकाळी सही दिसली तरच मीटर लागणार. नाटकवाल्यांचा टेम्पो आलाय, मॅनेजर मागेच लागलाय, "लाइट का क्या है?" होईल, म्हटलं. कसं ते मलाही... पण सहीशिवाय बटण दाबणार नाही. नाटक मंडळ गेलं उडत. मामा बोलत नाही. संध्याकाळी परत पोस्टमनच्या घरी जाऊन
मामी हाका मारून राहिली. बोडीवर कोणी म्हातारा आलाय म्हणे, मुर्रीचा. धोतर खोचून माझ्या खड्ड्यात उतरलाय, हातात अर्थिंग मोजायची, दांडा फिरवायची पेटी, आणि विचारतोय, "हे कोनं केलं? बोलवा त्याले."