हळदीचा जिताडा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कनिष्ठ महाविद्यालय, ठाणे
(महाविद्यालयाचे नाव लिहिण्याची अर्जदाराला इच्छा उरलेली नाही.)

विषय: अकरावी सायन्सला प्रवेश मिळणे, अथवा हळदीचा जिताडा जिवंत परत मिळणेबाबत.

संदर्भ: आपले हेडक्लार्क श्री. सुधीर शेलार यांनी स्वहस्ते स्वीकारलेला सदर मासा.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार कु. जया राघो भोईर, राहणार कोलशेत, ही दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळवून पास झाली आहे. सायन्सला जाते म्हणणारी गावातली ती पहिलीच मुलगी. तिने प्रवेशासाठी अर्ज दिला तेव्हा श्री. शेलार यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मिठागरवाल्यांच्या पोरींना सायन्स झेपत नाही, साहेबांच्या कानावर घालावे लागेल, असे ऐकवले. साहेबांना खाडीचा जिताडा फार प्रिय, हेही जाता जाता सांगितले.

अर्जदाराची आजी बायजा हिने घरामागच्या तळ्यात एक जिताडा पोसला होता. तो नातीच्या हळदीलाच कापायचा, असे तिने बोलून ठेवले होते. नातीने लग्न नको, कॉलेज हवे, असा हट्ट धरला तेव्हा आजी आधी रुसली, मग स्वतःच जाळे टाकून तो जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून आपल्या कार्यालयात घेऊन आली. श्री. शेलार यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला, मी माळकरी, हा साहेबांकडे पोचवतो, असे सांगितले व मासा ठेवून घेतला.

येथे आमच्याकडची रीत आपणास सांगणे भाग आहे. तळ्यातला जिताडा ज्याने हातात घेतला त्याने शब्द दिला, असे आम्ही धरतो. सोयरिकी त्यावर ठरतात, बांधाची भांडणे त्यावर मिटतात. त्यामुळे प्रवेश झालाच असे समजून घरी पेढे वाटले गेले आणि अर्जदाराने दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात अर्ज केला नाही. आता सगळीकडचे प्रवेश बंद झाले आहेत. याला मूर्खपणा म्हणायचे तर खुशाल म्हणावे, पण जिताडा खाऊन उलटलेला माणूस आमच्या गावाने तोवर पाहिला नव्हता.

यादी लागली. तीत सत्तर टक्केवाले आहेत, अर्जदार नाही. विचारायला गेलेल्या आजीला श्री. शेलार म्हणाले, मासा वेगळा, प्रवेश वेगळा. वर, डोक्याच्या कालवणात चिंच जरा जास्त पडली होती, असेही बोलून गेले. माळकऱ्याला ही चव कुठून कळली, असे आजीने तिथेच विचारले. "खाल्लाव ना, मंग पोरीला घ्या," एवढेच तिचे म्हणणे होते. त्यावर तिला शिपायाकरवी बाहेर काढण्यात आले. जिताडा आपल्यापर्यंत पोचला की वाटेतच माळेखाली उतरला, हे आपण दोघांनी आपसात ठरवावे. आजीचा दंड धरून तिला बाहेर काढले, याचा अर्जदाराला भयंकर संताप आहे आणि तो लपवण्याची तिची इच्छा नाही.

दरम्यान शीळफाट्याचे एक स्थळ सांगून आले आहे. मुलाचे दोन ट्रक आहेत आणि जास्त शिकलेली बायको नको, एवढीच त्याची अट आहे. घरचे म्हणतात, वर्ष फुकट घालवण्यापेक्षा उजवून टाकू. तुळशीची लग्ने लागली की अर्जदाराची हळद.

तरी विनंती की, येत्या सोमवारपर्यंत प्रवेश द्यावा. ते न जमल्यास जिताडा परत करावा, जिवंत आणि तेवढाच. दोन्ही न जमल्यास अर्जदाराची हळद आपल्या महाविद्यालयाच्या फाटकात लागेल. बॅन्डवाल्याशी बोलणे झाले आहे. हळदीला आमच्या बायका रात्रभर गातात, आणि एकदा गाण्यात गेलेले नाव कोलशेतपासून कल्याणपर्यंत प्रत्येक मांडवात वाजते. त्या माणसाच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा ते सुटत नाही. गाणे अर्जदाराने स्वतः रचले आहे. मराठीत तिला ब्याऐंशी गुण आहेत.

आजवर नम्र असलेली,
जया राघो भोईर
कोलशेत, ८ जुलै १९८८

सोबत:
१) गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत.
२) गाणे. पहिले कडवे श्री. शेलार यांचे, पूर्ण. दुसऱ्यात आपले नाव घालायचे की नाही, ते सोमवारी ठरेल.