विहीणबाई बदकामागून गेल्या नाहीत

खछ्याव, शाओशिंग (चीन)
ऑक्टोबर, सुट्टी संपल्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात अर्धाच समज. हुआंगशान डोंगराच्या पायऱ्या उतरून आल्यापासून गुडघे वाकत नाहीत, आणि आडवा झालोच तर उठवायला माणूस लागेल.) तुझी पाठ कशी आहे? बाबांचा खोकला कसा आहे, आणि त्या खोकल्यावर ते स्वतः करत असलेले इलाज कसे आहेत? इकडे आम्ही खुशाल. दोउदोउ वितीने वाढलाय. तुझी सून श्याओमान तुला नमस्कार सांगते आणि मागच्या वेळी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिने एकटीने संपवली, हेही सांगते. राहिल्या तुझ्या विहीणबाई. हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आपण दोघं बोलायला लागलो की बाबा मधे येऊन ‘तिकडे सुताचा भाव काय?’ विचारतात आणि मूळ विषय बाजूला पडतो. म्हणून इचलकरंजीला निघालेल्या मगदुमांच्या हाती पाठवतोय. पाकीट नीट चिकटवलंय. आणि आधीच सांगून ठेवतो, या पत्रात मी काहीही मागणार नाही.

इथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळ्या देशाला एकदम सुट्टी लागते आणि सगळा देश एकदम घराबाहेर पडतो. शहाणी माणसं घरी बसतात. मीही इतकी वर्षं घरी बसून ‘कोण जातंय त्या गर्दीत’ म्हणणाऱ्यांतलाच. पण यंदा श्याओमान म्हणाली, “दोउदोउच्या जन्माला मा आली, ती अजून मागच्या मंडईपलीकडे गेली नाहीये.” खरंच होतं ते. जियांगशीत पिंगशियांगच्या डोंगरात त्यांचं घर, कोंबड्या, मिरच्यांचा वाफा आणि नवरा (म्हणजे आमचे सासरे) हे सगळं जागच्या जागी ठेवून त्या नातवासाठी इथे आल्या. इथे सगळ्याच आज्या अशा येतात, त्यामुळे कोणी कौतुक करत नाही. तुला वाटतं की विहीणबाईंनी नातू बळकावलाय. (नाही म्हणू नकोस, मावशीने मला सांगितलंय.) अगं, त्याच बिचाऱ्या इथे अडकल्यात. शाओशिंगच्या बायकांची बोली त्यांना समजत नाही, यांची त्यांना समजत नाही, आणि इथे लोक भाजीत साखर घालतात ते त्यांना अजून सोसवलेलं नाही.

तर बसची सहल ठरली. आमची मार्गदर्शक छियू नावाची पोरगी. तिच्या काठीवर बावट्याऐवजी एक पिवळं कापडी बदक बांधलेलं होतं आणि गळ्यात कर्णा. “बदकावर नजर ठेवा, बदक सुटलं की तुम्ही सुटलात!” हे ती दर वळणावर सांगायची. सगळ्यांना लाल टोप्या मिळाल्या. माझ्या डोक्याला एकही बसेना, म्हणून एक नुसती वर ठेवून दिली. सासूबाईंच्या पिशवीत दोन थर्मास (एक सगळ्यांचा, एक फक्त नातवाचा), उकडलेली अंडी, काकड्या, सूर्यफुलाच्या बिया, कोंबडीचे तिखट पाय आणि पोराचा जाड स्वेटर. ऊन भाजत होतं. स्वेटर कशाला म्हटलं, तर “कोणी म्हणेल, आजीनं पोराला गारठवलं.” आणि खरोखरच, इथे अनोळखी बाया रस्त्यात थांबून पोराच्या पोटऱ्या चाचपतात आणि आजीला चार शब्द ऐकवून पुढे जातात. आईला कोणी काही म्हणत नाही, बापाला तर नाहीच नाही.

मुक्कामाच्या हॉटेलात माझ्यावरून खोळंबा झाला. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि सांगितलं की परदेशी माणसाची नोंद त्यांच्या यंत्रात होत नाही, तेव्हा बाकीच्यांनी राहावं आणि मी दुसरीकडे बघावं. मी कोपऱ्यात अपराध्यासारखा उभा. तेवढ्यात सासूबाईंनी काउंटरवर हात आपटला. “परदेशी? कोण परदेशी? हा? अगं, हा चार वर्षं माझ्या घरात भांडी घासतोय!” (आई, एवढी ओळ बाबांना वाचून दाखवू नकोस.) मग ती मुलगी चार ठिकाणी फोन करून आली, चौकीतून एक हवालदार आला, त्याने हाताने माझी नोंद केली आणि जाता जाता माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. मला त्या रात्री खोली मिळाली ती सासूबाईंमुळे, हे ध्यानात ठेव.

दुसऱ्या दिवशी डोंगर. म्हणजे डोंगर असेल, मला पुढच्या माणसाचा पाठीवरचा झोळा दिसत होता. इथले लोक गर्दीला ‘माणसांचा डोंगर, माणसांचा समुद्र’ म्हणतात. त्या दिवशी खऱ्या डोंगरावर माणसांचा डोंगर चढला होता. हवाई पाळण्याच्या रांगेत सकाळी उभे राहिलो ते भूक लागून, ती भागून, परत लागेपर्यंत उभेच. पण इथल्या रांगेला मी नावं ठेवणार नाही. रांगेत बिया फुटतात, पत्ते पडतात, कोणाच्या मुलीचं लग्न का होत नाही यावर तोडगे निघतात. मला मात्र मिनिटाला कोणीतरी ओढून फोटोत घेत होतं. (चीनमधल्या निदान वीसेक दिवाणखान्यांत तुझा मुलगा लाल टोपी डोक्यावर ठेवून अनोळखी माणसांच्या मधोमध उभा आहे. कधी कोणाच्या घरी दिसलाच तर दचकू नकोस.) असाच एका कुटुंबाच्या फोटोतून सुटून मी मागे वळलो, तर पिशवी जमिनीवर होती, नातवाचा थर्मास पिशवीत होता आणि सासूबाई नव्हत्या.

फोन लावला, उचलेनात. छियूने कर्ण्यावर सासूबाईंच्या नावाने हाक मारली, “गान तुंगल्येन मावशी! बदकाजवळ या!” पण समोर पाहते तर काय, बदकं सहा. सगळ्या कंपन्यांनी बहुधा एकाच ठोक बाजारातून बदकं घेतलेली, आणि टोप्या सगळ्यांच्याच लाल. श्याओमानला रडू फुटलं. रडता रडता ती मला बोलायला लागली, की मी फोटो काढून घेत उभा राहिलो म्हणूनच हे झालं. दोउदोउला काकडी हवी होती आणि काकडी नेमकी कुठल्या डब्यात असते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पण सांगतो तुला, त्या रांगेने आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. पुढच्या आजोबांनी पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, आणि ‘परदेशी जावयाची सासू हरवली’ ही बातमी आमच्याआधी डोंगरावर पोचली. मी घाबरलो होतो, आई. कडे फार खोल आहेत तिथले. अखेर मागच्या रांगेतल्या एका बाईने आपला फोन पुढे केला. “अहो, ही तर नव्हे?” कोणीतरी नुकतंच टाकलेलं नाचाचं चित्रण होतं. वरच्या सज्ज्यावर दहा-बारा बायका रंगीबेरंगी ओढण्या वाऱ्यावर उडवत नाचत होत्या, आणि डावीकडून दुसरी, उसनी केशरी ओढणी डोक्यावर धरून मोठ्याने गाणारी बाई म्हणजे आमच्या सासूबाई.

रांगेने आम्हाला पुढे जाऊ दिलं. वर पोचलो तरी नाच चालूच. या बाईंना दात आहेत, आणि त्यांतला एक सोन्याचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षांत त्या माझ्यासमोर एवढ्या तोंड उघडून हसलेल्याच नाहीत. मी दिसलो आणि ते हसू मावळलं. ओढणी चटकन परत केली, केस सारखे केले आणि विचारलं काय, तर “दोउदोउ पाणी प्यायला का?” श्याओमान म्हणाली, “मा, फोन का नाही उचललास?” तर म्हणे, “डोंगरात लागत नाही गं फोन.” फोन हातातच होता, आणि त्यातून आमचे सासरे पिंगशियांगहून ओरडत होते, “जावईबापू, केवढी ही गर्दी! हिला म्हणावं अजून एकदा नाच, मघाशी नीट दिसलं नाही!”

झालं होतं असं, की रांगेच्या बाजूच्या पायऱ्यांनी बायकांचा एक घोळका पुढे गेला, आणि त्यांच्या तोंडी सासूबाईंच्या गावाकडची बोली होती. चार वर्षांनी भर बाजारात कोणी आपल्या भाषेत हाक मारली तर तू तरी बदकाकडे बघत बसशील का? त्या आवाजामागून निघाल्या, त्या थेट वर पोचल्या. त्या घोळक्याच्या म्होरक्या वेन बाई आम्हाला बसपर्यंत सोडायला आल्या. (त्यांची बोली मला निम्मीच कळते, पण ठसका थेट आपल्या कागल-मुरगूडचा, म्हणून तशीच लिहितो.) “वसंतात आमी समद्या युन्नानला फिराया चाललोय. चल की गं तू बी.” सासूबाई म्हणाल्या, “नातू लहान आहे. शाळेत जायला लागला की बघू.” त्यावर वेन बाई म्हणाल्या, “तवर गुडघं कुटं ठेवणार हाईस? त्यास्नी बी शाळंत घालतीस व्हय?” सगळी बस हसली. सासूबाईही हसल्या, पण तोंड मिटून. परतीच्या वाटेभर त्या झोपलेल्या नातवाला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. काय दिसतंय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. बाबांना नमस्कार, मावशीला नमस्कार. (तिने सांगितलं हे मी तुला सांगितलं, हे तिला सांगू नकोस.)

तुझा,
मुकुंद

ता.क. — काही मागणार नाही म्हणालो होतो, पण एक छोटीशी गोष्ट. तू वसंतात तीनेक महिने इकडे येशील का? दोउदोउला तू सांभाळलंस तर सासूबाईंना निर्धास्त मनाने युन्नानला जाता येईल. त्या स्वतःहून कधीच म्हणणार नाहीत. तिकडची शेंगदाण्याची चटणी घेऊन ये, इकडचा नातू तयारच आहे.

आणखी ता.क. — पाकीट फोडून लिहितोय. रात्री जेवताना हे पत्र मी श्याओमानला आणि सासूबाईंना चिनीत सांगून दाखवलं. वाटलं, सासूबाईंचे डोळे भरून येतील. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “म्हणजे एका म्हातारीला सोडवायला दुसरीला जुंपणार? कोणी शिकवलं तुला हे?” मी म्हटलं, अहो, माझी आई आनंदाने येईल. “आनंदानं तर मीही आले होते. लिही तिला, नातू सांभाळायला येऊ नका. त्याला आई आहे, बाप आहे, दोघांना दोन-दोन हात आहेत. यायचं तर युन्नानला या. खोलीत दोघी लागतात, मला जोडीदारीण नाही. तुम्ही येत नसाल तर मीही जात नाही.” मी म्हटलं, तिला तुमची भाषा येत नाही. तर म्हणाल्या, “मला तरी या गावची कुठे येते? राहतेय ना?” मग मी म्हटलं, पण बाबांना पाणी कोण देणार? सासूबाईंनी श्याओमानकडे बघितलं. “यांच्या गावात नळ नाहीत का गं?”

शेवटचा ता.क. — मघाशी त्या परत आल्या आणि विचारलं, “तुझ्या आईनं आजवर काय काय बघितलंय?” मी सांगायला लागलो. वाडीला देवदर्शनाला दरवर्षी जाते, म्हटलं. पण ती बाबांच्या नवसासाठी. कोल्हापूर, ते माझ्या परीक्षांसाठी. पुणं मावशीच्या दोन्ही बाळंतपणांना. मग म्हैसूर आठवलं. राजवाड्याच्या दारात मला ताप भरला, आणि बाबा नि काका आत जाऊन आले तेव्हा तू बाहेर टांग्यात मला मांडीवर घेऊन बसली होतीस. मी आणखी आठवायला लागलो, आई. पुष्कळ आठवलं. शेवटी मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि आत जाऊन वेन बाईंना दोघींची नावं कळवून आल्या.