पोपटाची घागर

७ ऑक्टोबर १९७४
आजपासून मी जुन्या भांड्यांचा संग्राहक. आपल्या प्वेब्लोची, म्हणजे आपल्या आदिवासी गावाची, जुनी घडणच घ्यायची, नवीन नको. संग्रहात सध्या एक नग: पाण्याची घागर, अंगावर पोपट, १९३१ची. घडवणारी डेल्फिना, माझी बायको. ती जुलैत गेली. त्याचा याच्याशी संबंध नाही.

९ ऑक्टोबर
मेहुणी इव्हँजेलिन आली. म्हणाली, भावोजी, माणूस गेलं की चौथ्या दिवशी त्याची घागर कड्यावरून सोडतात. तुम्ही पलंगाखाली सोडलीत. घागर फुटल्याशिवाय ताई निघणार कशी? मी म्हटलं, ती आता ताईची घागर नाही, व्हिंटेज आहे. तिने मला झाडूने मारलं. मी शांत राहिलो. झाडू शांतपणे गुडघ्यावर मोडला.

१२ ऑक्टोबर, दुपार
संग्रह वाढवायचा म्हणून गॅलप शहरातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने घागरीवर टकटक केली. खणखणीत आवाज आला. तरी म्हणाला, तडा आहे, म्हातारबा, मला देऊन टाका. मी त्याच्या नाकावर तशीच टकटक केली. आवाज फुटका आला.
निश्चय: यापुढे हात उचलायचा नाही.

१३ ऑक्टोबर
निश्चय टिकला. कोणी आलं नाही.

१९ ऑक्टोबर
इव्हँजेलिनचा नवरा रॅम्झी दगड घेऊन आला. म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही बाहेर बसा, दोन मिनिटांचं काम आहे. मी खुर्ची फेकली. त्याने टेबल उलटवलं. हिरव्या मिरचीचा रस्सा भिंतीवर. त्याचा दात पडला, माझा कान फाटला. घागर वाचवणं भाग होतं. हाताला लागलं ते उचलून त्याच्या डोक्यात घातलं.
तीच होती.

२० ऑक्टोबर
रॅम्झीला टाके पडले. विचारतो, हेच करायचं होतं तर मी दगड कशाला वाहून आणला?
इव्हँजेलिनने थोडी खापरं कड्यावरून सोडली. उरलेली पाट्यासह माझ्यापुढे ठेवली. जुन्या खापरांची पूड मातीत नसेल तर नवं भांडं भाजताना तडकतं. म्हणाली, दळा, भावोजी, तुम्हाला नवी घागर करते. मी म्हटलं, मी फक्त जुनी जमवतो. म्हणाली, मग ती जुनी होईपर्यंत थांबा.
थांबेन म्हटलं.
संग्रहात एक तरी नग राहावा म्हणून पोपटाच्या डोळ्याचं खापर खिशात घातलं होतं. तिने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.
दिलं.