ओल्या वाळूचं पोतं

७ जानेवारी

माझ्या धाकटीने आज गवंड्याचं नाक फोडलं. उजवा ठोसा, टाचेपासून उचललेला, कंबरेतून वळवलेला—तंतोतंत. तो वजनाने तिच्या दीडपट, दिवसभर भिंती बांधून येतो, आणि आज भिंतीलाच टेकून बसला. नाकात कापूस कोंबून मला विचारतो, मास्तर, ही पोरगी विद्यापीठात जाणार की तुरुंगात?

विद्यापीठातच. शाळेचं शेवटचं वर्ष आहे, तिने दोन अर्ज केलेत. एक खेळाडूंच्या राखीव जागेसाठी—फेब्रुवारीत निवड सामने, प्रत्येक वजनगटातल्या पहिल्या दोघी आत. दुसरा गणितासाठी—त्याची लेखी प्रवेश परीक्षा, सामन्यांनंतर आठवड्याने. खेळाडूंच्या जागेवर गणित मिळत नाही, शारीरिक शिक्षण घ्यावं लागतं. मग घ्यावं! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. बायकोचं मत उलटं. पण घरात बॉक्सिंग मला कळतं, हिला नाही.

दिवसा चामड्याच्या बॅगा शिवतो, संध्याकाळी गोदामाच्या माडीवर शिकवतो. मला कुणी शिकवलं नाही. पुस्तकातली चित्रं बघून, आरशासमोर उभं राहून शिकलो. हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो, कारण लोक विसरतात.

९ जानेवारी

हाताला बांधायच्या पट्ट्या धुतल्या. रक्त गार पाण्यात निघतं, गरम पाण्यात कायमचं बसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला अजून सांगावं लागतं.

१३ जानेवारी

तिच्या गणिताच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणे परीक्षेपर्यंत लढणं बंद ठेवा, ज्या डोक्याने पेपर सोडवायचा त्याच्यावर रोज ठोसे कशाला. मी समजावलं की माझ्याकडच्या मुलांचे हात खाली येत नाहीत, तेव्हा डोक्यावर ठोसा बसायचा प्रश्नच नाही. त्यांनी फार गोड आवाजात विचारलं, आपण स्वतः कुणाकडे शिकलात? कुणाकडे नाही, म्हटलं.

"हो, तेच," म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

ते 'हो, तेच' कुसळासारखं रुतलंय. संध्याकाळी धाकटीला डोक्यावरचं कवच न घालता उतरवली. हात वर ठेवायची सवय लागायची तर डोकं उघडंच हवं. गवंडी तयार नव्हता, त्याला दम भरला. दुसऱ्या फेरीत तिचा ओठ फाटला, दातावर रक्त. पण नंतर हात एकदाही खाली आला नाही. झालं ना सिद्ध!

१८ जानेवारी

जुनं चिंध्यांचं पोतं मऊ पडलं होतं. नवं शिवलं—दुहेरी चामडं, दुहेरी टीप, माझ्या हातची. आत वाळू भरली, धूळ उडू नये म्हणून ओली करून, लाकडी धुमसाने ठासून. चिंध्यांवर मारून मुठी चिंध्यांच्याच होतात. काल दिवसभर टांगून ठेवलं, आज तिला उभी केली. बरगडीखालचे ठोसे, पोत्याच्या तळाशी, नुसते उजव्याने.

मध्येच तिचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. हात काखेत दाबून धरला. दमलीस का, विचारलं. हो म्हणाली. आणखी तेवढेच मार, म्हटलं. मारले. तोंडातून आवाज नाही! अशी मुलगी लाखात एक.

२४ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर बसून गणितं सोडवत होती. डाव्या हाताने! अक्षरं लहान पोराची, वेडीवाकडी, बेरजेची रेघ टेकडीसारखी चढलेली.

हे काय, विचारलं. म्हणाली, "सामन्यात उजवा मोडला तर? परीक्षा नंतर आठवड्यानेच आहे."

माझ्या पट्टीत आजवर एकाही पोराचा हात मोडलेला नाही. अंगठ्याला दोन वेढे, मनगटाला चार, मुठीवर तिरपे—ही बांधणी माझी आहे, कुठल्या पुस्तकात नाही. आणि माझीच मुलगी घरात बसून तो मोडायची तयारी करतेय! डोक्यात तिडीक गेली. वही ओढली, उभी फाडली, आडवी फाडली. टेबल उलटलं. पाण्याचा तांब्या दारावर जाऊन आदळला. ती उठली नाही, खुर्चीतच बसून राहिली—समोर टेबल नाही, डाव्या हातात पेन्सिल.

ही मध्ये पडली. म्हणाली, मोडायचाच असेल हात तर माझा मोडा, मला पेपर लिहायचा नाही. मी ढकललं. फार जोरात नाही. कपाटाची मूठ खांद्याला लागली तिच्या.

टेबलाचा निखळलेला पाय मीच परत बसवला. आता पूर्वीपेक्षा घट्ट आहे.

३० जानेवारी

गवंडी म्हणतो, ती हल्ली उजवा मारताना श्वास सोडत नाही, धरून ठेवते. तू तुझ्या विटा बघ, म्हटलं.

१६ फेब्रुवारी

उद्या सामने. आज वजनं झाली. धाकटी बरोबर गटात बसली—दोन दिवस घोट घोट पाण्यावर ठेवली होती, प्लास्टिक अंगाला गुंडाळून पळवली होती. 

तिथे फौजदार भेटला. पोलिसातून निवृत्त, आता शिकवतो, गळ्यात शिट्टी आणि भिंतभर प्रमाणपत्रं. त्याची मुलगी याच गटात, उंच, काटकुळी, सगळे टोळ म्हणतात तिला. धाकटीकडे बघून म्हणतो, मास्तर, पोहायलाही पुस्तकातूनच शिकलात का? बुडाला कसे नाहीत?

लोक हसले. मी त्याच्या शिट्टीची दोरी धरून खाली ओढला आणि कपाळ त्याच्या तोंडावर हाणलं. त्याने गुडघा घातला. मग वजनकाटा, खुर्च्या, कुणाच्या तरी पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांवरून दोघे लोळलो. माझा वरचा दात गेला. त्याचा ओठ नाकापर्यंत सुजला. दोघांना ताकीद मिळाली, म्हातारे म्हणून सोडलं.

परत येताना धाकटी दोन पावलं पुढे चालत होती. वळून बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी

कालचं आज लिहितोय. क्रमाने लिहितो.

पहिली लढत सोपी गेली. डोळ्यावर दोन, पोटात एक, समोरचीला तिच्या कोपऱ्यातल्यांनीच बसवलं.

दुसरी उपांत्य. जिंकणारी पहिल्या दोघींत, म्हणजे जागा पक्की. ती मुलगी बैलासारखी अंगावर यायची. धाकटीची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. शेवटच्या फेरीत तिने उजवा सोडला आणि बैल तोंडावर आडवी. त्या ठोशाचा आवाज मला कोपऱ्यात ऐकू आला. कातड्यावर कातडं वाजतं तसा नव्हता. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा.

पण जिंकली. जागा मिळाली! तिथेच काम झालं होतं.

अंतिम सामन्याआधी पट्टी सोडली. करंगळीकडची बाजू पावासारखी फुगलेली. बोट ठेवलं तर आत हाड सरकलं. मला कळलं. मी आंधळा नाही, मला कळलं. आता उतरलो नाही तरी दुसरा क्रमांक, दुसऱ्या क्रमांकाला जागा आहेच, आणि आठवड्याने परीक्षा—हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं.

समोरच्या कोपऱ्यातून सुजल्या ओठाने फौजदार ओरडला, "काय मास्तर, पुस्तकातली पानं संपली?"

मी नवी पट्टी घेतली. जमेल का, असं तिला विचारलं. तिने उजवा हात माझ्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा, बाबा."

मी म्हटलं, ऊठ. आणि पट्टी घट्ट बांधली.

मी सांगितलं होतं, डाव्यानेच खेळ, उजवा नुसता दाखव. तिने पहिल्या फेरीत पहिला ठोसा उजव्याने मारला. दुसरा उजव्याने. तिसरा उजव्याने. मी ओरडतोय, डावा! डावा! ती दर ठोशानंतर मान वळवून माझ्या कोपऱ्याकडे बघायची. टोळाकडे नाही. तेवढ्यात टोळाचे ठोसे तिच्या कानावर, गालावर, गळ्यावर पडायचे, ते खायची आणि पुन्हा उजवा. बरगडीवर, जबड्यावर, कोपरावर. एक तर सरळ टोळाच्या कपाळावर, सगळ्यात टणक जागी. जाणूनबुजून. प्रेक्षकांतून शिट्ट्या येत होत्या. त्यांना वाटलं, केवढी जिगर.

तिसऱ्या फेरीत टोळ दोरावर कोसळली ती उठलीच नाही. रेफरीने धाकटीचा हात वर केला. उजवा. त्याला काय माहीत.

तिने तेव्हाही आवाज काढला नाही. डोळे फिरले आणि उभीच्या उभी खाली आली.

१९ फेब्रुवारी

इस्पितळ. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. तीन ठिकाणी मोडलंय, धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार. मग पेनाच्या टोकाने करंगळीमागचं हाड दाखवलं. म्हणाल्या, "ही मोड परवाची नाही. महिन्याभराची आहे. हाड धरायला लागलं होतं, ते पुन्हा फुटलंय." आणि मग, "हिचा हात रोज कोण बांधतं?"

हिने माझ्याकडे बघितलं. बाईंना उत्तर मिळालं.

महिना. म्हणजे ते पोतं. म्हणजे काखेत दाबलेला हात, डावं अक्षर, धरलेला श्वास. रोज संध्याकाळी तो मोडका हात माझ्या हातात होता. मी वेढे मोजत होतो.

खाटेशी बसून विचारलं, सांगितलं का नाहीस.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही पट्टी आणखी घट्ट बांधली असती."

बाहेर आलो. व्हरांड्यात नर्सा, पेशंट, चहावाला. त्या सगळ्यांसमोर हिने माझ्या कानाखाली वाजवली. मग दुसऱ्या बाजूला. मी हात वर घेतले नाहीत.

२० फेब्रुवारी

माडीवर जाऊन पोत्याचं पोट सुऱ्याने फाडलं. वरची वाळू भुरभुर सांडली. तळाची पडलीच नाही. ओली वाळू खाली बसून, वाळून दगड झाली होती. सुऱ्याचं टोक मोडलं.

त्या गोळ्यावर उघड्या मुठीने मारत राहिलो. गवंडी आला आणि मागून कवेत धरून मला बाजूला ओढलं. त्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, द्या, पण हात बांधू द्या. साधा बांधला त्याने. सैल.

२४ फेब्रुवारी

परीक्षा झाली. लिहायला माणूस देतो म्हणाले होते, तिने नको म्हटलं. दुसऱ्याच्या हाताने विचार करता येत नाही, म्हणे. उजवा गळ्यात, डाव्याने पूर्ण पेपर. मी फाटकाबाहेर होतो, तिला माहीत नव्हतं. बाहेर आली तेव्हा पेन्सिल अजून डाव्या मुठीत होती. गणिताच्या बाई घ्यायला आल्या होत्या.

२५ फेब्रुवारी

कपाटावर आपटलेला हिचा खांदा अजून वर होत नाही. आज कळलं.

२२ मार्च

निकाल! गणिताला घेतलं तिला! यादीत खालून चौथी, पण यादीत. खेळाडूंची जागाही आली होती, ती तिने सोडली.

मी माडीवर सगळ्या पोरांना उभं करून सांगितलं. मोडका हात घेऊन अंतिम सामना जिंकली आणि डाव्या हाताने विद्यापीठ जिंकलं, हे बळ कुठून आलं? या खोलीतून. इथल्या शिस्तीतून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गवंड्याने वाजवल्या नाहीत.

ती दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. उजव्याचं प्लास्टर निघालंय, मूठ मात्र अर्धीच मिटते. आत आली, चपला काढल्या, डाव्यात ग्लोव्ह चढवला आणि दाताने दोरी ओढली.

"पॅड धरा, बाबा."

पहिले काही पॅडवर घेतले. जड होते. तिचा चेहरा बघितला आणि मी पॅड खाली केले. हात थकले म्हणून नाही.  ती थांबते का, पोरं बघत होती. मीही बघत होतो.

२६ मार्च

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारेने दात बांधून ठेवलेत, बोलता येत नाही. ही नळीने पाजते. पोलिसांना हिने सांगितलं की जिन्यावरून पडले.

धाकटी आज गेली. दारात मला बघितलं, ट्रंक उचलली—डाव्याने—आणि उतरली. खिडकीपर्यंत जाईतो रिक्षा वळली होती.

तो ठोसा आठवतोय. खांदा न उचलता, डोळा न हलवता, माझ्या खाली केलेल्या पॅडवरून सरळ जबड्यावर. एकही चूक नाही त्यात.

मी तो तिला शिकवलेला नाही.