उंदीर वॉरंटीत बसत नाही

तळा,
शनिवार, १५ नोव्हेंबर

श्री. चंदरराव यांस,

तळ्याहून दत्तात्रेयाचा साष्टांग नमस्कार. (साडूला साष्टांग घालायची रीत नाही, ठाऊक आहे. पण पुढे जे लिहायचंय ते उभ्यानं लिहिण्यासारखं नाही, म्हणून आधीच आडवा होतो.) तुमची प्रकृती ठीक असेल. कमरेचा पट्टा वापरता ना? दिवसभर गाड्यांखाली उताणं पडून काम करणाऱ्या माणसानं कंबर सांभाळायला हवी. हे सांगणारा मी कोण, पण सांगतो. कल्पिताताईंचे गुडघे, सुजितची नोकरी, नव्या सूनबाई, सगळं यथास्थित असावं. इकडे पूनम बरी आहे. तिचा माझ्याशी अबोला चालू होता तो मंगळवारी संपला, त्यामुळे घरात आता पूर्वीसारखा आवाज आहे. पत्र पाहून दचकला असाल. पण फोन तुम्ही उचलत नाही, आणि व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पोस्टाच्या पत्राला निळी खूण नसते. तुम्ही ते न वाचता टाकून दिलंत तरी मला कळणार नाही, हा मोठाच दिलासा आहे.

आता मुद्दा. आमच्याकडे राहणाऱ्या आपल्या सासूबाईंचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. अलिबागच्या डॉक्टरांनी सोमवार २४ तारीख दिली आहे. ही तिसरी तारीख. आधीच्या दोन सासूबाईंनीच मोडल्या, आणि आता डॉक्टर म्हणतात की आणखी लांबवाल तर नंतर माझ्याकडे येऊ नका. सासूबाईंचं एकच पालुपद, “दोन्ही जावय सोबत आसतील तरच डोल्याला हात लावू देईन, न्हायतर हाय ती नजर पुरं.” आता दोन्ही जावई सोबत असायचे तर त्यांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं, आणि आपण गेलं दीड वर्ष बोललेलो नाही. का बोललेलो नाही हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, पण त्याला इतके दिवस मी वेगळं नाव देत होतो. ते सगळं आता उलगडून लिहितो.

अडीच वर्षांपूर्वी शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि गाडी घेतली. अलिबागच्या शोरूममध्ये मितेश नावाचे एक गृहस्थ भेटले. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. त्यांनी सांगितलं की एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली तर पाच वर्षं डोक्याला ताप नाही, आणि रक्कम एकदम द्यायला नको, कर्जाच्या हप्त्यातच घालून देऊ. महिन्याला फक्त आठशे नव्वद, छत्तीस महिने. आठशे नव्वद म्हणजे दिवसाला तीस रुपयेसुद्धा नाहीत, दोन वडापाव, असं ते म्हणाले. (हा हिशेब मला पटला. मी रोज दोन वडापाव खात नाही हे तेव्हा सुचलं नाही.) घरी येऊन मी तुम्हाला अभिमानानं फोन केला, तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे थोडक्यात बोललात. तेवढेच पैसे दर महिन्याला एका डब्यात टाका आणि काही झालं तर गाडी माझ्याकडे आणा, म्हणालात. मला वाटलं, हा गॅरेजवाला, आपलं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलतोय. हा विचार माझ्या मनात आला होता हे आज कबूल करतो. पूनमला मी तो बोलूनही दाखवला होता. तिनं तेव्हाच मला वेडा म्हटलं होतं.

पुढे हळूहळू कळलं की पहिली दोन वर्षं कंपनीची स्वतःची वॉरंटी असतेच. म्हणजे चोवीस महिने मी ज्या वस्तूचे पैसे भरत होतो ती वस्तू सुरूच व्हायची होती. पण त्याहून वाईट गोष्ट निराळीच. वॉरंटी घेतलेल्या माणसाची गाडी नीट चालली की त्याला चैन पडत नाही, चंदरराव. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज आला की मी अंगणात जाऊन गाडीला एक फेरी मारायचो. वायपर पाहायचो, काचा वरखाली करायचो, कान लावून इंजिन ऐकायचो. काही म्हणजे काही बिघडलेलं नसायचं. मितेशनी महाडकडच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगितली होती, त्यांचा गिअरबॉक्स चौथ्या वर्षी गेला आणि सत्तर हजारांचं काम फुकट झालं. त्या अनोळखी माणसाचा मी मनापासून हेवा करू लागलो. पूनम देवापुढे सुखी ठेव म्हणायची तेव्हा मी शेजारी हात जोडून गिअरबॉक्सचा विचार करत असे.

शिवाय वॉरंटी जाईल या भीतीनं मी गाडीला कुणाला शिवू दिलं नाही. पंपावरचा माणूस फडकं घेऊन आला की मी आतून हात हलवायचो. सीटकव्हर बाहेरून घातलं नाही, हॉर्न बदलला नाही. एकदा मागचा बल्ब गेला तर तो बसवायला मी अलिबागला गेलो, जाण्यायेण्यात पूर्ण दिवस आणि साडेसातशेचं पेट्रोल. बल्ब साठ रुपयांचा होता आणि तो वॉरंटीत बसत नव्हता. (हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं, बसला.)

आणि मग तो मे महिन्यातला दिवस, सुजितचा साखरपुडा. तुमच्या दारात पाहुण्यांची गर्दी, आणि माझी गाडी आली ती टकटक आवाज करत. तुम्ही नवा सदरा घातलेला, कपाळाला गंध, तरी आवाज ऐकून आपणहून पुढे आलात. गॅरेजातून पाना आणलात, बाही वर केलीत आणि बॉनेटला हात घातलात. आणि मी, तुमचा साडू, व्याह्यांच्या देखत, मांडवाच्या तोंडाशी ओरडलो, “हात लावू नका, वॉरंटी जाईल!” तुम्ही पाना घेऊन आत गेलात ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाहीत. पुढे लग्नातही तुम्ही माझ्या हातावर पानसुपारी ठेवलीत ती दुसरीकडे बघून. पाली गावात चाळीस वर्षं ज्यांच्या हाताखालून प्रत्येक जीप आणि टेम्पो गेला, त्यांना मी माझ्या नऊशे रुपयांच्या कागदासाठी चारचौघांत हात मागे घ्यायला लावला. (तो आवाज कशाचा होता म्हणाल, तर सुपारीचा. गाडीच्या पूजेतली एक सुपारी घरंगळून काचेखालच्या जाळीत पडली होती. शोरूमनं ती चार तासांनी शोधून काढली, तपासणीचे साडेसहाशे घेतले आणि सुपारी पिशवीत घालून परत दिली.) त्या दिवसाला मी आजवर “गैरसमज” म्हणत आलो. गैरसमज काही नव्हता. मी चुकलो होतो.

आता उंदराकडे येतो. यंदा दसऱ्याला आपल्या पद्धतीप्रमाणे घरात नव्या पिकाचं नवं बांधलं. सासूबाईंनी स्वतः भाताच्या लोंब्या, आंब्याचा टाळा, कुरडूची फुलं आणि झेंडू यांच्या जुड्या वळल्या. दाराला एक, नांगराला एक, कोयती-विळ्याला एक, आणि एक गाडीला. दिसत नसताना बोटांनी चाचपून केलेलं काम, पण एकेक जुडी बघत राहावी अशी. गाडीची जुडी बॉनेटच्या आत, इंजिनाच्या कडेला बांधली गेली. आता तुम्हीच विचार करा, नवं भात, उबदार जागा, वर छप्पर, आणि गाडी पंधरा दिवसांतून एकदा फिरणार. आपल्या वाडीतल्या उंदराला यापेक्षा चांगलं घर कुठं मिळणार? बारा दिवसांनी गाडी सुरू करायला गेलो तर नुसती खट् असा आवाज. बॉनेट उघडलं. लोंब्या साफ, दाणा शिल्लक नाही. पोट भरल्यावर तोंड पुसावं तशा त्यानं तारा कुरतडल्या होत्या. झेंडूला मात्र तोंड लावलेलं नव्हतं.

खरं सांगू? मला आनंद झाला. एकतीस हप्ते, म्हणजे सत्तावीस हजार पाचशे नव्वद रुपये भरून झाल्यावर अखेर काहीतरी बिघडलं होतं, आणि तेही वाढीव वॉरंटी खरोखर सुरू झाल्यानंतर! मी पूनमला पेढा देणार होतो. टेम्पोवर गाडी चढवून (भाडं साडेचार हजार) अलिबागला नेली. मितेशनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, एक चिमूटभर तूस उचललं आणि मला विचारलं, “काका, हे काय आहे?” मी म्हटलं, नवं. ते म्हणाले, नवं काय? मग मी त्यांना दसरा समजावून सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पुस्तिकेचं अकरावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पूर, दंगल, भूकंप आणि कुरतडणारे प्राणी यांमुळे झालेलं नुकसान योजनेत बसत नाही. पस्तीस वर्षं कचेरीत लोकांना “आधी नियम वाचा” म्हणून परत पाठवणारा मी, अकराव्या पानापर्यंत कधी पोचलो नव्हतो, कारण दहाव्या पानावर महाडच्या गृहस्थांचा हसरा फोटो होता. सगळ्या तारा नव्या घालायचा अंदाज अठरा हजार चारशे. मी तिथेच बाकावर बसलो. त्यांनी पाणी दिलं. पाणी फुकट होतं.

तेव्हा गाडी आहे तशी परत आणली आणि आता ती अंगणात उभी आहे. सोमवारी पहाटे पाचला सासूबाईंना घेऊन निघायचंय. म्हणून विनंती अशी की तुम्ही आदल्या दिवशी, रविवारी २३ला, दुपारपर्यंत हत्यारांची पेटी घेऊन यावं, तेवढ्या तारा जोडून द्याव्यात, रात्री इथेच मुक्काम करावा आणि पहाटे आमच्याबरोबर अलिबागला चलावं. वॉरंटीची काळजी करू नका. हवं तिथं हात घाला, हवं ते उघडा.

कल्पिताताईंना नमस्कार. सुजितला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

आपला,
दत्तात्रेय

ता.क. “जुडी बॉनेटच्या आत बांधली गेली” असं वर लिहिलंय. पत्र पूनमनं वाचलं आणि कुणी बांधायला लावली ते लिही म्हणाली. सासूबाई पुढच्या जाळीला बांधत होत्या, दरवर्षीसारखी. लोंब्यांनी रंगावर ओरखडे येतील आणि ओरखडे वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून मीच त्यांचा हात धरून जुडी आत बांधायला लावली. त्यांना वाटतं उंदीर असाच आला. कृपया तसंच वाटू द्यावं.

आणखी एक ता.क. गाडी बंद नाही. गेल्या गुरुवारी इथल्या हिरामण मेकॅनिकनं तारा जोडून दिल्या, सोळाशे रुपये घेतले. (काळी पट्टी जरा बटबटीत गुंडाळलीय, तुमच्यासारखी सफाई नाही, पण चालते.) मग पेटी घेऊन या असं का लिहिलं? कारण काम सांगितलं की तुम्ही शत्रूच्या घरीही जाता हे मला माहीत आहे, आणि नुसतं “या” म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आता लिहितोच. चंदरराव, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला. माझं चुकलं. पेटी आणू नका. नुसते या.

शेवटचा ता.क. हे पूनमलाही माहीत नाही. गेलं दीड वर्ष दर रविवारी सासूबाई विचारतात, चंदररावांचा फोन आला का? मी म्हणतो, आला. मग ते काय म्हणाले तेही सांगावं लागतं. त्यामुळे तुम्ही आजवर त्यांच्या गुडघ्यांना तेल सुचवलंय, पावसाची चौकशी केलीय, सुजितच्या लग्नातल्या जेवणावर दहा मिनिटं बोललाय आणि दोनदा तर गहिवरून आलंय तुम्हाला. गेल्या रविवारी मी असाच रंगात आलो होतो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “चंदरराव येवढं कवापासून बोलाया लागलं?” तेव्हापासून त्यांनी विचारलेलं नाही. तुम्ही रविवारी या, त्यांच्या शेजारी बसा आणि नेहमीसारखे एक शब्दही बोलू नका. म्हणजे त्यांना खात्री पटेल की तुम्हीच आलात.