माझ्या किडनीचं प्रगतिपुस्तक

३ जानेवारी १९७८, सकाळी ७
नवी वही. कॉन्व्हेंटमधल्या मदर म्हणायच्या, जे रोज लिहावं ते सुधारतं. आजपासून चन्नूची लघवी मोजून लिहायची. रेघांचं काचेचं माप आणलंय. धाकटा भाऊ, त्यात लाज कसली? शिवाय किडनी माझीच. दोन वर्षांपूर्वी वेल्लोरला मी दिली, त्याला बसवली. आता डॉक्टर म्हणतात, शरीर ती नाकारतंय. माझी किडनी! शाळेत मी एकही दिवस गैरहजर नव्हते.
६०० सीसी.

९ जानेवारी
४५०. थंडीमुळे असणार. चन्नूला चपला घट्ट होतात. चामडं आखडलं असेल. नव्या आणायच्या.

१४ जानेवारी. संक्रांत
३००. ३५०च धरले. थोडं सांडलंच असेल.
जेवण अळणी. चन्नू म्हणाला, "अक्का, सोलापुरात राहून शेंगाचटणी नाही, यापेक्षा तुरुंग बरा की." रागावले. लहानपणी चटणीत बोट बुडवायचा, तेव्हाही मीच हातावर मारायची.

२० जानेवारी
२००. डॉक्टर म्हणाले, मनाची तयारी ठेवा. माणूस मुळातच निराशावादी.
निश्चय : चन्नूसमोर रडायचं नाही.
दुपारी रडले. कांदा चिरतेय म्हटलं. म्हणाला, "कांदा कुठाय?"

२१ जानेवारी
५००!

२४ जानेवारी
७००! रंगही किती स्वच्छ, अगदी पाण्यासारखा. चन्नूच्या पोटावर हात ठेवून किडनीला शाबासकी दिली. तो हसला आणि भिंतीकडे वळला.
कामाला येणारी केराबाई म्हणते, "बाई, दादांचं पाय लई सुजल्यात की." तिला यातलं काय कळतंय?

२७ जानेवारी
चष्मा विसरला म्हणून परत आत गेले. मोरीचं दार अर्धं उघडं. चन्नू एका हाताने भिंत धरून उभा. दुसऱ्या हातातल्या तांब्यातून मापात पाणी ओतत होता. ७००च्या रेघेवर थांबला.
त्याने मला पाहिलं नाही. तशीच मागे फिरले.
वहीत ७०० लिहिले.

२८ जानेवारी
मोरीपर्यंत आता त्याला चालवत नाही. माप पलंगाशेजारी ठेवलं. जवळ तांब्या भरून ठेवला.
केराबाई म्हणाली, "दादांना पानी घोट-घोट मोजून देता, मग येवढा तांब्या कशाला?"
म्हटलं, असू दे.
७०० सीसी.