सी आणि डी

खैतान, शुक्रवार, १४ मे २००४

सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे, हे ठाऊक असूनही मी सावंतकाकांना "दोन ठिकाणी ठेवलंय" असं का सांगितलं? 

काका खालच्या खोलीत राहणारे सुतार. मुलीच्या लग्नाला गावी जायला त्यांना इथल्या आखाती कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. गावाहून आलेल्या माणसाबरोबर लग्नाच्या फोटोंचं, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आलं. मी फोटो माझ्या कॉम्प्युटरवर सी आणि डी, दोन्हीकडे उतरवले. काकांनी एकदा भरभर पाहिले. मग कार्डावरचे फोटो पुसून मी ते त्याच माणसाबरोबर परत धाडलं. गावात दुसरी प्रत नाही.

आज डिस्क टकटक वाजली आणि बंदच पडली. दोन ठिकाणी म्हणे!

बाबा म्हणाले, "व्हायरस आला म्हण. त्यांना काय कळतंय?"

घरात पदवी माझी एकटीची. काका त्याच भरवशावर होते.

खाली गेले. चूक माझी, काहीच उरलं नाही, असं सांगितलं.

"डी तरी आसा मां, बाय?"

"नाही, काका."

 मग काका म्हणाले, "पाठवणीच्या फोटोत चेडू रडत होतां काय गो?"

लेक रडत होती म्हटलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. आठवत नाही, हेही मी खरं सांगून आले.